पोटावरील मलमार्ग : शस्त्रक्रियेची तत्त्वे आणि आपले कर्तव्य



ज्या विषयावर घरातही कोणी मोकळेपणाने बोलत नाही, त्यावर आज आम्ही बोलणार आहोत. आपल्या घाटीत, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणि २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या गावोगावचे रुग्ण येतात. गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेले छिद्र किंवा अडथळा अशा आजारांत कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी. काहींचा पुढे बंद करता येतो, काहींचा कायम राहतो.

पहिले तत्त्व चाकू हाती घेण्यापूर्वीचे आहे. स्टोमाची जागा रुग्णाला झोपवून, बसवून आणि उभे करून आधीच शाईने आखावी. टेबलावर सपाट दिसणाऱ्या पोटाला मांडी घालून बसताच वळ्या पडतात. वळीवर, जुन्या व्रणावर किंवा हाडाजवळ पिशवी नीट चिकटत नाही. साडी, धोतर किंवा नाडी कोठे बांधता, हे रुग्णालाच विचारावे. जागा त्याला स्वतःला दिसली पाहिजे; नाहीतर पिशवी बदलायला तो कायम दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

दुसरे, आतडे पोटाच्या सरळ स्नायूतून, ताण न पडता बाहेर यावे आणि त्याचा रक्तपुरवठा शाबूत असावा. निरोगी स्टोमा लालसर व ओलसर असतो. काळा पडल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.

तिसरे, लहान आतड्यातील पातळ मलात पाचकरस असतात. ते कातडी जाळतात. म्हणून इंग्लंडमधील शल्यचिकित्सक ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली आतड्याचे टोक उलटवून कातडीला शिवण्याची पद्धत मांडली. दोन-अडीच सेंटिमीटर वर आलेल्या तोटीतून मल थेट पिशवीत पडतो. अशा रुग्णाच्या अंगातले पाणी व मीठ लवकर कमी होते; आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विशेष जपावे.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी लाजेपोटी माणूस घरात कोंडून घेतो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियामध्ये स्टोमा असलेली माणसेच नव्या रुग्णांना धीर देतात. अतिसाराने पडलेल्या, सोबत्यांनी टाकलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले, हा प्रसंग आपणांस ठाऊक आहेच. पिशवी लावलेला माणूस विहारात शेजारी येऊन बसला, तर आपण सरकून बसू नये, एवढीच आमची विनंती.

जयभीम.