श्वासाचा हिशेब
(मे महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळतात. त्या निमित्ताने आरे कॉलनीतल्या पाड्यांविषयी बोलताना आज मी शिधा आणि शाळेची फी बाजूला ठेवते आणि श्वासाविषयी बोलते.

तिथे चाळिशीतली एक वारली ताई आहे. तिला दमा आहे. भेटीला गेले की मी विचारायची, “बाय, कशी आहेस?” ती हसून म्हणायची, “बरी आहे.” मी वहीत लिहायची, “प्रकृती ठीक.” तीन वर्षे असेच चालले. मग एका पावसाळी रात्री तिला रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागले.

नंतर ती वही मी पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या वर्षी लिहिले होते: लाकडाची मोळी स्वतः आणते. दुसऱ्या वर्षी: चढावर दोनदा बसते. तिसऱ्या वर्षी: मोळी आता मुलगी आणते. सगळे माझ्याच अक्षरात होते. तिचा श्वास उतरत चालल्याचे मी लिहीत होते, पण वाचत नव्हते. ही चूक माझी.

वयाबरोबर फुप्फुसांची ताकद सर्वांचीच थोडी कमी होते. दमा असलेल्यांची अधिक वेगाने होऊ शकते. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात हजारो प्रौढांची 15 वर्षे तपासणी झाली. निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दमा नसलेल्यांत वर्षाला सरासरी 22 मिलिलिटरने कमी झाली, दमा असलेल्यांत 38 मिलिलिटरने. फरक चमचाभर वाटतो. पण 15 वर्षांत तो 240 मिलिलिटर होतो, म्हणजे जवळजवळ पाव लिटर. आणि हे रोज थोडे थोडे होत असल्यामुळे माणसाला कळत नाही. तो हळू चालू लागतो, चढ टाळतो आणि “बरा आहे” म्हणतो.

मग आधी ओळखायचे कसे? काही खुणा आहेत. ज्याला वारंवार मोठे झटके येतात, जो विडी-सिगारेट ओढतो, जो चुलीच्या धुरात किंवा कामावरच्या धुळीत रोज राहतो, ज्याचा श्वास औषध घेऊनही पूर्ण मोकळा होत नाही, त्याला धोका अधिक. रुग्णालयात फुंकून घेण्याची तपासणी करतात, पंप देऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला सांगतात. एका तपासणीवरून पुढची दहा वर्षे कोणी सांगू शकत नाही. काही महिन्यांनी पुन्हा केली की दोन आकड्यांतला फरक बोलू लागतो.

घरीही फुंकून मोजायचे लहान, स्वस्त साधन मिळते. त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. उभे राहून तीनदा फुंकायचे, मोठा आकडा लिहायचा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेला तर डॉक्टरांना विचारावे. 50 टक्क्यांखाली गेला तर निळा पंप घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर दमाच असे धरून बसू नये, क्षयाची तपासणी करून घ्यावी.

पाड्यावर आणि आपल्या घरांतही एक समज आहे की पंपाची सवय लागते. तशी सवय लागत नाही. निळा पंप तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो. आतली सूज कमी करणारा पंप वेगळा. त्यातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते. तो बरे वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. मोठे झटके टळले तर फुप्फुसांची झीजही कमी होते. आपल्या ताईने नेमका हाच पंप बरे वाटताच बंद केला होता.

तिचा गेलेला श्वास सगळा परत आला नाही. पण उरलेला टिकला आहे. रोज सकाळी ती फुंकते आणि शाळेत जाणारी मुलगी आकडा लिहिते. मी गेले की आता “कशी आहेस” आधी विचारत नाही. आधी वही मागते.

तुमच्याकडे माझी मागणी लहान आहे. तपासणीच्या दिवशी पाड्यावरच्या माणसाची मजुरी बुडते, म्हणून अनेक जण जातच नाहीत. कोणी ती मजुरी भरून द्यावी, कोणी सोबत रांगेत उभे राहावे. आणि तुमच्या घरी कामाला येणारी बाई जिना चढताना थांबत असेल तर तिला विचारा, ती गेल्या वर्षीही थांबत होती का?

श्वास ही देवाची देणगी आहे असे आपण मानतो. देणगीचा हिशेब कारभाऱ्याने ठेवायचा असतो. तो एकमेकांसाठी ठेवू या.