अम्माचं जातं

कवितावाचन संपतं, चहाचा कप हातात येतो आणि कोणीतरी जवळ येऊन कौतुकानं म्हणतं, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठं शिकलात?’’ गेली तीस वर्षं हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मीही हसून सांगतो, ‘‘शिरूरला, शाळेत.’’ बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेही सांगून टाकतो. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. श्रोतेहो, आज ते पुरं करावं म्हणतो.

आमच्या घरात बोलायची भाषा दखनी. अम्मा ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणणारी. आम्हा भावंडांना रागवायची ती दखनीत आणि दुआ मागायची तीही दखनीत. पण पहाटे जात्यावर बसली, की तिच्या तोंडून मराठी ओवी यायची. लहानपणी यात मला काही नवल वाटलं नाही. दिवस उजाडायच्या आधी आई मराठी असते आणि उजाडल्यावर दखनी होते, एवढीच माझी समजूत होती.

अम्माचं माहेर दौंड. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचं हे गाव मोठं जंक्शन झालं. तेव्हापासून दौंडच्या किती घरांची चूल रेल्वेवर पेटली असेल, त्याची गणती नाही. माझे नाना रेल्वे फाटकावर गेटमन होते. गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली त्यांची ही लेक लग्न होऊन शिरूरला आली. शिरूर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची घोडनदी. एकेकाळची इंग्रजांची छावणी, पुणे–नगर रस्त्यावरचा मोठा बाजार. पण शिरूरला रेल्वे नाही. माहेरी जायचं तर एसटीनं न्हावरे, चौफुला, पाटस असं करत जायचं. अंतर फार नाही. पण पाठीवर तीन पोरं आणि हातात पैसे बेताचे, त्यामुळे वर्षातून एखाद वेळीच जाणं व्हायचं.

आमच्या ओसरीवर दगडी जातं होतं. ते आजीच्या वेळचं. पिठाची गिरणी गावात केव्हाच आली होती. तरी डाळी भरडायला, हळद दळायला जातंच लागे आणि महिनाअखेरीला हात आखडला की बाजरीसुद्धा त्यावरच दळली जाई. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. त्या घरातल्या काकू पहाटे सूप घेऊन यायच्या. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. आज त्यांचं दळण, उद्या आमचं. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. मी आत गोधडीत अर्धवट जागा असायचो. मधेच ओवीत माझं नाव यायचं आणि मी लाजून गोधडी तोंडावर ओढून घ्यायचो.

ही चाल किती जुनी आहे ते मला पुढे पुस्तकांतून कळलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला, ही कथा तर घराघरांत आहे. दुसरीकडे सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दखनीत ‘चक्कीनामे’ लिहिले. दळणाऱ्या बायकांना कामाच्या ठेक्यावर म्हणता यावीत अशी ही गाणी होती. चक्कीच्या फिरण्यातून ईश्वराची ओळख करून द्यायची, असा त्यांचा बेत होता. म्हणजे अम्माच्या दोन्ही भाषा शेकडो वर्षं जात्याशी बसून होत्या. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की गाणं नसलं तर खुंटा जड होतो.

मी कॉलेजात गेलो, कविता लिहू लागलो. मासिकांत नाव छापून यायला लागलं. माझी कविता मुक्तछंदातली, शहरी वळणाची. अम्माच्या ओव्या मला बायकांचं गुणगुणणं वाटायच्या. पुढे एकदा, ती थकल्यावर, मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढे बसलो. ती हसायला लागली. म्हणाली, ‘‘नक्को रे, वो क्या शायरी है?’’ मी यंत्र लगेच पिशवीत घातलं. एरवी तिचं मी कधी इतकं चटकन ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

२००८ मध्ये अम्मा गेली. चाळिसाव्यानंतर तिच्या वस्तूंची वाटणी झाली. वाटणी कसली, होतं काय त्या घरात? तिची माहेरची पत्र्याची ट्रंक थोरल्या भावाकडे गेली. नानांच्या निळ्या वर्दीचे तुकडे लावून शिवलेली गोधडी मी मागून घेतली. जातं कोणालाच नको होतं. नव्या घरात त्याला जागा नव्हती. फोडून पायात भर घालू, असंही कोणी म्हणालं. तेव्हा आपा पुढं झाली. तीही लग्न होऊन दौंडलाच गेलेली, आईच्या माहेरी. तिनं टेम्पो बोलावला आणि जातं दौंडला नेलं. आम्ही भाऊ हसलो. भाड्यापेक्षा दगड स्वस्त, असं मीच म्हणालो होतो.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट आपल्याला माहीत आहे. लिहिता-वाचता न येणारी ती माउली घरात, शेतात काम करताना गाणी रचायची. मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं ती टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपानं आली. सोपानदेव कवी होते, मीही कवी म्हणवून घेतो. पन्नाशी उलटल्यावर एका रात्री मनात आलं, की आपल्या नावावर कवितांची पुस्तकं आहेत आणि आईची एक ओवी आपल्याला धड येत नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या शबे-बारातच्या आदल्या दिवशी मी कोरी वही घेऊन दौंडला आपाकडे गेलो. शबे-बारात ही गेलेल्यांची आठवण करण्याची रात्र. कब्रस्तानात जायचं, फातिहा द्यायचा, घरी हलवा करायचा. अम्माच्या पद्धतीनं हरभऱ्याची डाळ भाजून तिची जात्यावर भरड काढायची आणि मग हलवा. आपा आजही तसाच करते. मी तिला खुर्चीवर बसवलं, वही उघडली, म्हटलं, ‘‘सांग.’’ ती डोळे मिटून बसली. दोन शब्द आठवले, तिसरा आठवेना. शेवटी वैतागून उठली. म्हणाली, ‘‘असं कसं येईल रे? हात रिकामा आहे ना!’’

मग ती जात्यावर बसली. मूठभर डाळ तोंडात टाकली, खुंटा फिरवला. चार-सहा फेरे नुसती घरघर. आणि मग ओवी आली, अडखळत नाही, सरळ. तिच्यामागे दुसरी, तिसरी. हात थांबला की ओवी थांबे, हात फिरला की पुढचा शब्द येई. मी भिंतीला टेकून भराभर लिहीत होतो. त्या दुपारी अकरा ओव्या मिळाल्या. त्यांतली एक अशी :

दौंडाच्या गाडीची गं शिट्टी ऐकते पहाटं
बाप माझा दावी तिला हिरव्या बावट्याची वाट

मी थांबलो. शिरूरला रेल्वे नाही, हे मघाशी सांगितलं. तिथून दौंडच्या गाडीची शिट्टी ऐकू येणं शक्य नाही. अम्मानं ती रोज जात्याच्या घरघरीत ऐकली होती. आणि आम्हाला वाटायचं, तिला माहेरची एवढी काही ओढ नाही. कधी बोलत नाही.

मला पुस्तकाची स्वप्नं पडायला लागली. छोटीशी पुस्तिका, वर अम्माचं नाव. आपाला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘पण यातल्या निम्म्या काकूंच्या आहेत.’’ कुठल्या, ते मात्र तिलाही नक्की सांगता येईना. एक तिनं खात्रीनं दाखवली :

शेजी आन् मी गं, आम्हां दोघींचा एक खुंटा
तिच्या भाकरीत बाई माझ्या लेकराचा वाटा

ही काकूंची, आपा म्हणाली. मी वही घेऊन शिरूरला परतलो. काकूही आता नाहीत; त्यांच्या लेकीला, ताईला, ओव्या वाचून दाखवल्या. ती ऐकताना पदरानं डोळे पुसत होती. या ओवीशी आल्यावर म्हणाली, ‘‘ही तर तुझ्या अम्माची. आमची आई सांगायची ना.’’ मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. ओवी दोघींपैकी कोणीही म्हटली असती तरी खरीच होती. आमच्या घरात चूल पेटली नाही, त्या दिवशी मी काकूंच्या ताटात जेवलोय. त्यांची मुलं ईदच्या सकाळी शीरखुर्म्याला आमच्याआधी हजर असत. श्रावणात पिठोरी अमावास्येला काकू डोक्यावरून खीर-पुरीचं वाण मागे धरून विचारायच्या, ‘‘अतिथी कोण?’’ मागे त्यांची मुलं ओळीनं उभी असायची आणि शेवटी मी. प्रत्येकानं ‘मी’ म्हणायचं आणि वाण घ्यायचं. मीही ‘मी’ म्हणायचो. काकूंनी मागे वळून कोण आहे ते कधी पाहिलं नाही. या दिवसाला आपल्याकडे मातृदिन म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या आहेत. हे काम झालं नसतं, तर केवढा ठेवा मातीत गेला असता. पण माझ्या दोन आया त्यात नाहीत. त्यांच्या ओव्या टिपायचं काम माझं होतं. अकरा हाती लागल्या. किती गेल्या, कोण सांगणार?

पुस्तिका मी काढली नाही. वही आहे. तिच्यावर कोणाचंच नाव घातलेलं नाही. मध्यंतरी ताईला दौंडला घेऊन गेलो. आपा आणि ती, दोघी साठीच्या पुढच्या, जात्यापाशी बसल्या. ताईनं खुंट्यावरून बोटं फिरवली आणि मला जवळ बोलावलं. सागवानी खुंटा दोन जागी झिजला आहे. एक खळगा वर, एक खाली. इतक्या वर्षांत मी तो कधी नीट पाहिला नव्हता. वरचा हात कोणाचा आणि खालचा कोणाचा, यावर दोघींचा थोडा वाद झाला. मग त्यांनी दळायला घेतलं. त्या दिवशी बारावी ओवी मिळाली.

तेव्हा, मराठी कुठं शिकलात, या प्रश्नाचं पुरं उत्तर हे असं आहे. जाता जाता एक विनंती. आपल्या घरात आई असेल, आजी असेल, तर तिला खुर्चीवर बसवून ‘आठवणी सांग’ म्हणू नका. तिच्या हातात तिचं काम द्या. गोधडीची सुई द्या, शेवयांचा पाट द्या, निवडायला तांदूळ द्या आणि शेजारी बसा. ती ‘नक्को’ म्हणेल, हसेल, वेळ घेईल. तरी उठू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)