टँकरावरची पाटी आणि बंबवाल्याची परिभाषा



वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात संतवाङ्मय ऐकावे, गेला बाजार राजकारण तरी ऐकावे, अशा अपेक्षेने जे आले असतील त्यांना ज्वालाग्राही द्रव्यांच्या परिभाषेवरील हे विवेचन रुक्ष वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो आपल्याच मुंबई बंदरातील एका अनर्थाच्या स्मरणार्थ असल्यामुळे, निदान याच प्रांती या विषयाला परका मानू नये, एवढीच माझी विनंती आहे.

१९४४ सालच्या त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खणात तळाशी कापसाच्या गाठी आणि त्यांच्यावरच्या मजल्यावर दारूगोळा रचलेला होता. दुपारी खालचा कापूस धुमसू लागला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत ओतले, तरी आगीचे मूळ हाती लागेना. आणि दुपारचे चार वाजून सहा मिनिटे झाली असता जो स्फोट झाला, त्यात आणि पाठोपाठच्या दुसऱ्या स्फोटात गोदीचा परिसर उद्ध्वस्त होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. कापूस जळतो हे शेंबडे पोरही जाणते, आणि दारूगोळ्याचा गुण कोणाला ठाऊक नव्हता असेही नाही. घातक ठरले ते त्यांचे साहचर्य. आजच्या परिभाषेत अशा जोडीला ‘विसंगत माल’ म्हणतात. एक पदार्थ स्वतः कितीही सौम्य असो, तो कोणाच्या शेजारी ठेवला आहे, हे विचारल्यावाचून त्याची जोखीम ठरत नाही.

या शास्त्रातील बहुतेक संज्ञा पदार्थ काय आहे हे सांगण्यापेक्षा आपण कोठे उभे राहावे हे सांगण्यासाठी घडलेल्या आहेत, असे माझे मत आहे. ‘फ्लॅश पॉइंट’ घ्या. द्रवाची जेवढी वाफ ठिणगी लागताच भपकन पेटेल, तेवढी ज्या किमान तापमानाला सुटते, तो हा बिंदू. पेट्रोलचा तो उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास, तर घासलेटाचा पस्तिसाच्या वर. म्हणजे माघाच्या थंडीत महाबळेश्वरी सांडलेले पेट्रोलही पेटण्यास सिद्धच असते, आणि सांडलेल्या घासलेटाला मात्र तेथे काहीशी सवड मिळते. त्यातही हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच मिश्रण पेटते. त्याहून अधिक वाफ असलेली बंद खोली न पेटणारी म्हणून निर्धोक समजणे मात्र आत्मघातकी होय, कारण कोणी भाबडेपणाने खिडकी उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण स्फोटाच्या मर्यादेत येऊन बसते.

वाफ जड की हलकी, हा प्रश्न तर थेट पायांशी संबंधित आहे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. ती नाल्यातून, तळघरातून, सखल वस्तीतून रांगत जाते, म्हणून जवानाने वारा पाठीशी घेऊन चढाच्या बाजूने जावे. अमोनिया हवेहून हलकी, सबब ती वर निघून जाईल, असे पुस्तक म्हणते. परंतु बर्फाच्या कारखान्यातील दाबाखालची अमोनिया फुटलेल्या नळीतून बाहेर पडताना इतकी थंडगार होते की तिचे पांढरे धुके जमिनीलगतच लोळत राहते. केवळ कोष्टक पाठ करणाऱ्याला हे कळत नाही.

‘ब्लेव्ही’ या चमत्कारिक नावाची संज्ञा अशाच एका समजुतीची किंमत सांगते. दाबाखाली द्रवरूप केलेल्या वायूच्या टाकीला बाहेरून आग लागली की आतील द्रव उकळतो, दाब वाढतो. आणि द्रवाच्या पातळीच्या वरचा पत्रा, त्याला आतून थंडावा देणारे काही नसल्यामुळे, तापून मऊ पडतो व फाटतो. टाकीचे हे फुटणे म्हणजेच ब्लेव्ही. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळील फेझँ येथील शुद्धीकरण कारखान्यात प्रोपेनच्या गोल टाकीखाली आग लागली, तेव्हा सुटकेची झडप टाकीचे रक्षण करील या भरवशावर पाण्याचा मारा मुख्यतः शेजारच्या टाक्यांवर ठेवण्यात आला. दीडएक तासाने ती टाकी फुटली आणि १८ माणसे मेली. झडपेने दाब कमी होतो. पत्र्याचे तापणे तिला थांबवता येत नाही.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अशा धोकादायक मालाच्या वाहनावर आणीबाणीची माहिती देणारी पाटी लावण्याचे बंधन घातले आहे. पेट्रोलच्या टँकरावर ‘१२०३’ हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक असतो, आणि त्यासोबत ‘३ वाय ई’ असा संकेत असतो. तीन म्हणजे फेसाचा मारा करा. वाय म्हणजे आगीत श्वसनयंत्र लावा, भडक्याचा संभव धरा आणि सांडलेला माल गटारात जाऊ न देता अडवा. ई म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत एवढा हुकूमनामा मावतो, याचे मला अजूनही कौतुक वाटते. मागच्या खेपेची पाटी तशीच मिरवीत किंवा तिच्यावर चिखल माखून धावणाऱ्या टँकराचे मात्र कौतुक करवत नाही. माझ्या मते हा अपराध सिग्नल तोडण्याहून मोठा आहे.

खंडाळ्याच्या घाटात उलटलेला टँकर दिसला, तर दुरूनच, वारा आपल्याकडून टँकराकडे वाहत असेल अशा जागी थांबून, गाडीचे यंत्र बंद करून, विडीकाडी न पेटवता, तो चार अंकी क्रमांक जेवढा दिसेल तेवढा टिपावा आणि ११२ वर सांगावा. वास येतो की नाही हे पाहण्यासाठी पुढे जाऊ नये. क्रमांक दिसत नसेल, तर टँकराच्या टाकीचा आकार कसा आहे, धूर की धुके, आणि ते कोणीकडे सरकते आहे, एवढे सांगितले तरी निघालेल्या बंबाला कोणत्या बाजूने चढायचे ते वाटेतच ठरवता येते.