सूचीविना दूरदेश

उत्तर हिंदुस्थानाची मराठी वाचकाला झालेली ओळख बव्हंशी पुस्तकी आहे, आणि त्या ओळखीत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा वाटा मोठा आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक 1857 मध्ये बायजाबाई शिंदे मथुरेत करणार असलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये संपादून छापला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीच लखनौच्या अमृतलाल नागर यांनी हा वृत्तांत हिंदीत नेला होता. पुढे अवधच्या गावोगावी फिरून त्यांनी बंडाच्या लोकस्मृती गोळा केल्या आणि 1957 मध्ये ‘गदर के फूल’ लिहिले.

लखनौच्या आलमबागेत भरलेल्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाबद्दल स्वागत समितीचे व यजमानांचे आभार रीतीप्रमाणे आणि मनापासून मानले आहेत. अध्यक्षाने वर्षभरातील ग्रंथांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. येथे तो टाळला आहे, कारण ग्रंथालयांच्या बैठकांत वर्षानुवर्षे बाजूला सारलेला एक विषय, पुस्तकांच्या सूचीचा, आता मागे ठेवण्यासारखा नाही.

गोडसे यांच्याखेरीज लोकजीवनाच्या बाजूने पाहता अनिल अवचट यांचे ‘पूर्णिया’ (1969) बिहारमधल्या गरिबीपाशी वाचकाला नेऊन उभे करते. पु. ल. देशपांडे यांनी बंगाली शिकून, शांतिनिकेतनात राहून ‘वंगचित्रे’ लिहिले. वन्यजीवांच्या बाजूने मारुती चितमपल्ली यांचे लेखन आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ आहे. संस्कृतीच्या बाजूने विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव आधी घ्यावे लागते. 1926 मध्ये लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नांतून. घराण्यांच्या कोठीत बंद असलेल्या चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह रागवार लावल्या. त्यामुळे राग ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला चीज सापडते. शोधता येणे ही पुस्तकाची अर्धी किंमत आहे, हे भातखंडे यांनी ओळखले होते.

मराठीतील बहुतेक प्रवासवर्णनकारांनी आणि त्यांच्या प्रकाशकांनी मात्र ते ओळखलेले नाही. दूरच्या प्रदेशावरील मराठी पुस्तक उघडले तर छायाचित्रे असतात, अर्पणपत्रिका असते, दोन प्रस्तावना असतात. नकाशा क्वचित आणि सूची जवळजवळ नाहीच. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 1920 च्या दशकात ज्ञानकोशाचा एक अख्खा खंड सूचीला दिला. त्या परंपरेच्या वारसांना आज पुस्तकाच्या शेवटी चार पाने जड होतात.

या उणिवेचा परिणाम सारसाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी. अवधच्या भातखाचरांत तो माणसांच्या वावरात घरटे करतो. त्याची जोडी फोडणे शेतकरी पाप मानतात. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे उरला आहे. पक्षी एका पुस्तकात, भाताची शेती दुसऱ्यात आणि लोकसमजूत तिसऱ्यात विखुरलेली असते. पक्षी, पीक आणि माणूस यांचे नाते वाचकाला जोडायचे असेल, तर तिन्ही पुस्तकांना सूची हवी.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ललित लेखनाला सूची शोभत नाही. त्याचे उत्तर अध्यक्षांच्या ग्रंथपालकीतल्या एका प्रसंगात आहे. आलमबागच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मराठी सुताराने विचारले, “साहेब, आयुष्य या बागेच्या आसपास गेलं. आपल्या भाषेत तिच्याबद्दल काय लिहिलंय?” अवधचा नवाब वाजिद अली शाह याने बेगमेसाठी ही बाग उभारली, नोव्हेंबर 1857 मध्ये इंग्रज सेनानी हॅवलॉकला येथेच पुरले, मार्च 1858 पर्यंत दुसरा इंग्रज सेनानी आउट्रम याची फौज येथे तळ देऊन होती. मराठीत सत्तावनवर पुस्तकांची रांग होती, पण एकातही सूची नव्हती. एका इंग्रजी लष्करी इतिहासाच्या सूचीत ‘आलमबाग’ आणि पुढे पृष्ठांक क्षणात मिळाले. तो ग्रंथ त्या गृहस्थांना वाचता येण्यासारखा नव्हता, आणि मराठी पुस्तके पानोपान चाळून देईपर्यंत त्यांचे येणे थांबले. शोभेचा वाद अध्यक्षांपुरता त्या दिवशी मिटला.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एका प्रकाशकाने अध्यक्षांना सांगितले होते की, सूचीने पुस्तक महागते. त्याच पुस्तकाच्या गुळगुळीत कागदावर लेखकाची रंगीत छायाचित्रे होती. तिसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा: फोनवर नकाशा असताना छापील नकाशा कशाला? फोनवरचा नकाशा आलमबागचे मेट्रो स्थानक आणि बसस्थानक अचूक दाखवतो. गोडसेभटजी कोणत्या वाटेने यमुनाकाठच्या काल्पीला पोहोचले किंवा आउट्रमचा तळ कुठवर पसरला होता, हे तो दाखवत नाही. लेखकाचा प्रदेश लेखकाच्या काळात दाखवणे हे पुस्तकाचेच काम आहे.

उत्तरेविषयीच्या मराठी ग्रंथांची एक एकत्रित स्थलसूची व्हावी, तिच्यात प्राणी-पक्षी आणि लोकसमूह यांची नावेही यावीत, असा प्रस्ताव आहे. कामाची वाटणी आणि पैशाची तजवीज कार्यकारिणीने यथावकाश ठरवावी. ग्रंथालयांनी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. खरेदीच्या यादीत दूरदेशावरचे पुस्तक आले की, आधी त्याची शेवटची पाने उघडून पाहावीत. तेथे सूची नसेल तर पुस्तक प्रकाशकाकडे परत पाठवावे आणि परत पाठवण्याचे कारण लेखी कळवावे.