आधी कणगीत डोकवा

सरकारी खरेदी म्हटलं की बोलणं निविदेवर येतं. दर कुणाचा कमी, कंत्राट कुणाला. मला निविदेच्या आधीचं बोलायचंय. काय हवं आणि किती हवं, हे ठरवतं कोण? औषधांचंच घ्या.

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचे. आई आधी कणगीत डोकवायची. ज्वारी किती उरलीय, खाणारी तोंडं किती, दिवाळीला लेकी किती दिवस राहणार, सगळा हिशेब तिच्या तोंडावर. मग बाजार. तिथे दाणा दाताखाली फोडल्याशिवाय पोतं उचलायची नाही. आणि व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर द्यायची. पुढच्या साली त्याने चांगला माल आपल्यासाठी राखावा म्हणून.

आपल्या आरोग्य केंद्राचं मागणीपत्र पुष्कळदा कसं तयार होतं? मागच्या वर्षीचा आकडा, त्यात थोडी भर. कणगीत कुणी डोकावलेलंच नसतं! मग एका तालुक्यात गोळ्या मुदतबाह्य होतात आणि शेजारच्या तालुक्यात रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणायची चिठ्ठी पडते.

तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी महामंडळ काढलं. खरेदी एका ठिकाणी, पण गोदामं जिल्ह्याजिल्ह्यांत, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हातात पासबुक. वर्षाची रक्कम त्यात मांडलेली. माल उचलला की तेवढी वजा. काय उचलायचं ते रुग्णालय ठरवतं. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात. हाच तो दाताखालचा दाणा. राजस्थानने २०११ साली याच वाटेने जाऊन मोफत औषधं सुरू केली.

महाराष्ट्रात आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली, २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदी करणारा बदलला. चांगलं आहे. पण पुन्हा सांगतो, कुणी रागावलं तरी सांगतो : मागणी खालून, साठा मोजून आली नाही, तर खरेदी कुणीही करो, पोतं चुकीचंच येणार. आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याला वरचे लोक कधी विचारतात का, बाबा, तुझ्या कपाटात काय उरलंय?

बिलांचं राहिलंच. पैसे महिनोन्‌महिने अडकले की पुरवठादार तो उशीर पुढच्या दरात धरतो, आणि ज्याचा माल खरंच चांगला, तो निविदाच भरत नाही.