सायकलीचे कुलूप
(देगलूर येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सायकल ही सामान्य कुटुंबाची अत्यंत मोलाची जंगम मालमत्ता आहे. ती चोरीस गेली म्हणजे दूध घालणाऱ्याचा धंदा, मजुराचा रोज आणि खेड्यातून शाळेस येणाऱ्या मुलीचे शिक्षण, ही सारी एकाच दिवसात अडून बसतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्य शासन मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल घेण्यास साहाय्य करते, ते याच जाणिवेने. त्यातून आपला तालुका तेलंगण आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमांना लागून असल्यामुळे, सकाळी नाहीशी झालेली सायकल दुपारपर्यंत परक्या हद्दीत जाऊ शकते. आणि म्हणूनच चोरीनंतरच्या फिर्यादीपेक्षा चोरीपूर्वीच्या बंदोबस्ताकडे आपण अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

कधीच न उघडणारे कुलूप मनुष्याने अद्याप घडविलेले नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब यांचे अभेद्य म्हणून नावाजलेले कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. आणि जे उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर झालेले होते, ते ब्रामा यांचे कुलूपही त्याने सोळा दिवसांच्या अवधीत एक्कावन्न तास खपून अखेर उघडलेच. या दोन कुलपांतील अंतर हे काळाचे अंतर आहे, आणि कुलपाचे सारे सामर्थ्य चोराचा किती वेळ ते खाते यातच सामावलेले आहे. कारण भर वस्तीत खर्ची पडणारे प्रत्येक मिनिट चोराला धोक्याचे असते.

आपल्याकडील बहुतेक सायकलींना मागील चाकाजवळ सांगाड्यावर बसविलेले कुलूप असते, ज्याचा दांडा चाकाच्या तारांमधून आडवा जातो. त्याने सायकल चालविता येत नाही हे खरे; परंतु ती उचलून टेम्पोत टाकण्यास त्याची काहीच आडकाठी होत नाही. बैलाचे पाय बांधावेत आणि दावे मात्र खुंट्यास बांधू नये, तसाच हा प्रकार होय. तेव्हा या कुलपाच्या जोडीला सायकल एखाद्या अचल वस्तूशी जखडणारे दुसरे कुलूप अवश्य हवे.

या दुसऱ्या कुलपांमध्ये आकडे जुळवून उघडावयाचे तारेचे कुलूप स्वस्त व हलके असले तरी साध्या कटरपुढे ते क्षणभरच टिकते. कठीण केलेल्या पोलादाच्या जाड कड्यांची साखळी त्याहून पुष्कळ सरस, आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे पोलादी कुलूप बहुधा सर्वांत भक्कम. तथापि केवळ जाडीवर भिस्त ठेवू नये. २००४ साली क्रिप्टोनाइट या नामांकित अमेरिकन कंपनीची नळीच्या आकाराच्या किल्लीची कुलपे बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात असे उघडकीस आले, आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. पोलाद जाड होते, पण आतील रचना दुबळी होती.

उत्तम कुलूपही गफलतीने लावल्यास व्यर्थ जाते. साखळी पुढच्या चाकातून न ओवता मागचे चाक आणि सांगाडा या दोहोंतून ओवावी, कारण पुढचे चाक सोडवून उरलेली सायकल नेणे सोपे असते. खांब जमिनीत पक्का रोवलेला व वरून सायकल निसटणार नाही असा असावा. साखळी जमिनीवर टेकू देऊ नये, कारण फरशीच्या आधाराने घणाचा घाव नेमका बसतो. आणि कुलपाच्या कवेत पहार शिरण्याजोगी मोकळी जागा ठेवू नये. किल्लीचे छिद्र खाली तोंड करून असले म्हणजे पावसाचे पाणी व काळ्या मातीची धूळ आत कमी शिरते. तेलाला धूळ चिकटते, म्हणून आत ग्राफाइटची भुकटी घालणे श्रेयस्कर.

एवढे करूनही चोरी झालीच, तर सायकल आपली आहे हे सिद्ध करण्यास दस्तऐवज लागतो. सांगाड्यावर, बहुधा बैठकीच्या नळीवर किंवा पायट्यांच्या आसाखाली, कारखान्याने क्रमांक ठोकलेला असतो. तो नोंदलेला नसल्यास जप्त मुद्देमालात आपली सायकल समोर उभी असूनही तिची खातरजमा करणे कठीण होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. मात्र पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी प्रथमच करणाऱ्या इसमाने ती वस्तू वा तिचे मूल्य परत केल्यास त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. सुधारण्याची ही संधी मला न्याय्य वाटते. पण वस्तू परत येण्यासाठी ती कोणाची हे आधी ठरावे लागते.

शेवटी एक विनंती. खांबच नसेल तर साखळी कशाला बांधावी? म्हणून बसस्थानक, बाजार, शाळा आणि कचेऱ्या यांच्या दर्शनी भागी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेत राहील अशा ठिकाणी, काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी कमानींची तजवीज नगरपरिषदेने व संस्थाचालकांनी करावी. हा खर्च थोडा आहे आणि तो गरिबांच्या मालमत्तेच्या रक्षणार्थ आहे. आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर आपल्या सायकलीचा क्रमांक वहीत टिपून खरेदीच्या पावतीशेजारी ठेवावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.