ग्रीन कार्डाची रांग

नारायणगडाच्या पंचक्रोशीतल्या कुणाचा मुलगा अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असेल, तर घरचे विचारतातच, "कायमचं कधी होणार?"

हा व्हिसा एरवी सहा वर्षांपुरता. कायमच्या वास्तव्याच्या ग्रीन कार्डासाठी बहुतेकदा कंपनीलाच अर्ज करावा लागतो. जागेची जाहिरात देऊनही पात्र स्थानिक उमेदवार मिळाला नाही, हे ती आधी श्रम खात्याला दाखवते. श्रम खात्याकडच्या या अर्जाची तारीख हाच रांगेतला नंबर. या टप्प्याचा खर्च कायद्याने कंपनीचा. मुलाकडून कुणी मागितला तर देऊ नये. मग कंपनी आय-१४० हा पुढचा अर्ज करते. तो मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवता येतो, नोकरी बदलली तरी जुना नंबर सहसा टिकतो. मंजुरीची प्रत स्वतःजवळ हवीच.

खरी अडचण पुढे आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि एका देशाला साधारण ७ टक्के. भारत असो की चिमुकला आइसलँड, मर्यादा तीच! म्हणून आपली मुलं दहा-दहा वर्षं, त्याहूनही जास्त ताटकळतात. तेवढ्यात नातवंडं २१ वर्षांची झाली, की बहुधा आईवडिलांच्या अर्जातून गळतात. तिथंच वाढलेल्या लेकरांवर हा उघड अन्याय आहे.

रांग कुठवर आली, हे दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये फुकट पाहता येतं. नंबर पुढं सरकवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.